जायफळाच्या बदल्यात मॅनहॅटन दिलं, हे खरं का?

सहाणवाली आजी (मिरज)

नमस्कार मंडळी. लेकीचं बाळंतपण माझ्याकडे झालं. नातू अडीच महिन्यांचा आहे आणि रोज त्याची अंघोळ झाली की मी सहाण घेऊन बसते. वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धाच. जायफळ चुकून जास्त उगाळलं गेलं तर पठ्ठ्या दिवसभर झोपतो आणि रात्री अख्खी गल्ली जागी ठेवतो.

परवा हे चालू असताना बहिणीच्या मुलाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. लेकीनं मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता. तो म्हणाला, "मावशी, तू जे उगाळतेयस ना, त्याच्यासाठी डचांनी इंग्रजांना अख्खं मॅनहॅटन देऊन टाकलं होतं." त्याच्या ऑफिसच्या खिडकीतून म्हणे ते समोर दिसतं. मी म्हटलं, काहीतरीच सांगू नकोस.

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वास्को द गामा, १४९८, कालिकत, एवढं झोपेतही सांगेन. पण आमच्या पुस्तकात गामा कालिकतला उतरला की पुढच्या धड्यात थेट प्लासीची लढाई. मधल्या अडीचशे वर्षांत ही माणसं समुद्रावर काय करत होती, ते मुलांनी कधी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

तर मला एवढंच सांगा. ही मॅनहॅटनची गोष्ट खरी आहे का? आणि जायफळ जर त्या कुठल्याशा बेटांवरच होत होतं, तर आपल्या आयुर्वेदात ते आधीपासून कसं? की तेही गोऱ्यांनीच आणलं, बटाट्यासारखं?

नुसताच वाचक (ठाणे)

खरं आहे आजी, मलाही फॉरवर्ड आला होता. रन नावाचं बेट घेतलं आणि न्यू यॉर्क दिलं. डच किती वेडे बघा! आज तिथे एका खोलीच्या भाड्यात आपल्याकडे वर्षभराचं जायफळ येईल. वर्षभराचं कसलं, सात पिढ्यांचं.

बॉयलरसूट (रत्नागिरी)

ताई, तुमचा भाचा अर्धा बरोबर आहे. फॉरवर्डच्या मानानं हे प्रमाण चांगलंच म्हणायचं.

मी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. आमच्या खात्यातल्या माणसाला बंदर दिसत नाही, बंदराचा नुसता वास येतो. म्हणून निवृत्तीनंतर ठरवलं की जी बंदरं नकाशातच पाहिली ती वर येऊन बघायची. २०१७ साली सौभाग्यवतींना घेऊन त्या बेटांवर गेलो. तिला बाली हवं होतं. अजून ऐकवते.

बांदा बेटं म्हणतात त्यांना. आपलं सावंतवाडीपलीकडचं बांदा नव्हे. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाकडे अंबोन आहे, तिथून सरकारी प्रवासी जहाजानं एक रात्र. मुठीत मावतील एवढी बेटं: लोंथोर सगळ्यांत मोठं, नेइरावर गाव आणि बंदर, समोर गुनुंग आपी म्हणजे आगीचा डोंगर (१९८८ मध्ये तो शेवटचा फुटला), मग आय, आणि पश्चिमेला एकटं पडलेलं रन. रनची लांबी साधारण तीन किलोमीटर, रुंदी एकाहूनही कमी. रत्नागिरीच्या मांडवीपासून भाट्याच्या पुलापलीकडे चालत जाऊन यावं, तेवढ्यात संपेल.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. जायफळ बटाट्यासारखं नाही. ते इकडे फार आधीपासून आहे. चरकसंहितेत तोंडाला वास यावा म्हणून धरायच्या पदार्थांत लवंग-सुपारीबरोबर जातीफळ आलंय. ते बांद्याहून हात बदलत बदलत यायचं. बांद्याचे, जाव्याचे, मलायी लोक त्यांच्या होड्यांतून मलाक्काला आणायचे, तिथून गुजराती, तमिळ, अरब व्यापारी पुढे न्यायचे. बदल्यात त्या बेटांवर जायचं आपलं सुती कापड, गुजरातचं आणि कोरोमंडलचं, आणि बाहेरचा तांदूळ. बेटांवर भात पिकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. युरोपातही जायफळ पोचतच होतं, व्हेनिसच्या मार्गानं, दहा दलाल मध्ये. पोर्तुगीजांना नि डचांना नवी वस्तू सापडली नव्हती. त्यांना फक्त मूळ पत्ता हवा होता.

पत्ता पोर्तुगीजांना मिळाला. १५११ मध्ये अल्बुकर्कनं मलाक्का घेतलं आणि लगेच तीन जहाजं पूर्वेला पाठवली, ती १५१२ च्या सुरुवातीला बांद्याला लागली. आदल्याच वर्षी याच अल्बुकर्कनं गोवा घेतलं होतं. पण पोर्तुगीजांना बांद्यात नीट पाय रोवता आले नाहीत. ते येऊन माल विकत घेत, बाकीच्या व्यापाऱ्यांसारखेच.

डच तिथे पहिल्यांदा १५९९ मध्ये पोचले आणि १६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी झाली. त्यांनी बांद्याच्या पुढाऱ्यांकडून करार लिहून घेतले की यापुढे सगळं जायफळ फक्त आम्हालाच. या बेटांवर राजा नव्हता. ओरांग काया म्हणून गावोगावचे मानकरी होते, ते बैठक घालून ठरवत. मानकऱ्यांपैकी काहींनी सह्या केल्या, काहींनी नाहीत. आणि ज्यांनी केल्या त्यांना "कायमचं फक्त तुम्हालाच" हा काय प्रकार असतो याची कल्पनाच असेल असं वाटत नाही. हजार वर्षं जो होडी घेऊन येईल त्याला विकलंय. त्यात डच घेऊन काय आले, तर लोकरी कापड आणि मखमल! विषुववृत्ताच्या खाली, दमट हवेत. तांदूळ मात्र पुरेसा नाही. मग लोकांनी जाव्याच्या नि इंग्रजांच्या होड्यांना माल विकला तर नवल काय. डचांच्या वहीत याची नोंद "करारभंग" अशी व्हायची.

१६०९ मध्ये डच ॲडमिरल फेरहूफन किल्ला बांधायचाच म्हणून सैन्य घेऊन आला. बोलणी करायला म्हणून मानकऱ्यांनी त्याला आत बोलावलं आणि सोबतच्या माणसांसकट मारलं. त्या आरमारात एक तरुण व्यापारी कारकून होता, यान पीटरझून कून. हा माणूस ते विसरला नाही.

इंग्रजांचं म्हणाल तर ते तेव्हा या धंद्यातले दुबळे गडी. डिसेंबर १६१६ मध्ये नॅथॅनिएल कोर्टहोप दोन जहाजं घेऊन रनला आला. रन आणि आयच्या मानकऱ्यांनी आपली बेटं इंग्लंडच्या राजाच्या नावे लिहून दिली, आणि कागदाबरोबर मातीसकट जायफळाचं झाड हातात दिलं. इंग्रजांवर त्यांचं प्रेम होतं म्हणून नव्हे. डच नकोत म्हणून. कोर्टहोपनं मूठभर माणसांनिशी ते बेट जवळपास चार वर्षं धरून ठेवलं आणि १६२० मध्ये रात्री होडीतून जाताना डचांनी त्याला गोळ्या घातल्या. इंग्रजीत वाचाल तर सगळी गोष्ट या कोर्टहोपभोवती फिरते. शूर होता, वाद नाही.

पण १६२१ चं कोणी फॉरवर्ड करत नाही.

कून तोवर गव्हर्नर जनरल झाला होता. १६१९ मध्ये जयकर्ता जाळून त्यानं तिथे बटाव्हिया वसवलं, म्हणजे जकार्ता. १६२१ च्या सुरुवातीला तो मोठं आरमार, दीड हजारांवर सैनिक आणि भाडोत्री जपानी योद्धे घेऊन बांद्याला आला आणि लोंथोर घेतलं. मानकऱ्यांनी हत्यारं टाकली, तटबंद्या पाडायचं कबूल केलं. सेलामोन गावच्या मशिदीत डच अधिकारी मार्टिनस सोंक उतरला होता. २१ एप्रिलच्या रात्री मशिदीतला टांगलेला दिवा खाली पडला. एवढंच झालं. दिवा पडला. सोंकला वाटलं की उठावाची खूण झाली. अंधारात गोळीबार सुरू झाला आणि तिथून पुढे कूनला जे करायचं होतं त्याला निमित्त मिळालं. गावं जाळली, होड्या फोडल्या. लोक डोंगरात पळाले आणि उपाशी मेले. कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ८ मे रोजी नेइराच्या नासाऊ किल्ल्यात ४४ मानकऱ्यांना बांबूच्या कुंपणात उभं केलं आणि जपान्यांकरवी त्यांची डोकी उडवली. तिथे हजर असलेल्या एका डच अधिकाऱ्यानंच हे लिहून ठेवलंय. सगळे गप्प उभे होते, फक्त एकजण म्हणाला, तेही डच भाषेत, की साहेब, काहीच दया नाही का?

बेटांवर आधी पंधरा हजारांच्या आसपास वस्ती असावी असा अंदाज आहे. उरली हजाराच्या आसपास. आठशेच्या घरात लोक गुलाम म्हणून बटाव्हियाला नेले. मग जमिनीचे ६८ तुकडे पाडले, त्यांना पेर्क म्हणत, ते कंपनीच्या जुन्या नोकरांना कसायला दिले आणि कामाला गुलाम आणले. कुठून? जाव्यापासून पापुआपर्यंत जिथून मिळतील तिथून, आणि आपल्या मलबार-कोरोमंडल किनाऱ्यावरूनही. ॲम्स्टरडॅमच्या संचालकांना कूनची पद्धत जरा जास्तच वाटली. त्यांनी पत्रातून कानउघाडणी केली. बक्षीसही दिलं, ३,००० गिल्डर.

आता या, तुमचं मॅनहॅटन. १६६४ मध्ये इंग्रजांच्या चार लढाऊ गलबतांनी न्यू ॲम्स्टरडॅमसमोर नांगर टाकला आणि एकही गोळी न झाडता ते घेतलं. दीडेक हजार वस्तीचं गाव होतं ते, बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार. रन डचांकडे होतं. एका जुन्या तहाप्रमाणे ते इंग्रजांना परत द्यायचं होतं, ते १६६५ मध्ये दिलंही आणि लढाई पेटताच पुन्हा घेतलं. फेब्रुवारी १६६७ मध्ये डचांनी दक्षिण अमेरिकेतलं सुरिनामही इंग्रजांकडून घेतलं. जुलै १६६७ मध्ये ब्रेडाला तह झाला. त्याचं सार एवढंच की मे महिन्यात ज्याच्या हातात जे होतं, ते त्याचं. हे घ्या नि ते द्या असा सौदा झालाच नाही. दोन भाडेकरूंनी भांडणाअंती "तुझी खोली तुला, माझी मला" म्हणावं तसं. घरमालक तोपर्यंत हयात नव्हता.

आणि एक गंमत सांगतो, गंमत म्हणवत नाही पण तरी. इंग्रजांना परत द्यायची वेळ येईपर्यंत डचांनी रनवरची जायफळाची झाडं तोडून टाकली होती. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. म्हणजे जायफळाच्या बदल्यात मॅनहॅटन म्हणतात, त्या बेटावर तेव्हा काढण्याजोगं जायफळच नव्हतं.

नुसताच वाचक, डच वेडे नव्हते. सुरिनामची साखर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. शिवाय १६७३ च्या लढाईत त्यांनी न्यू यॉर्क पुन्हा जिंकलं होतं, नावही बदललं, आणि पुढच्या वर्षी तहात आपण होऊन परत दिलं. दुसऱ्यांदा मिळालेली वस्तू माणूस परत देतो तेव्हा त्याला ती नको असते.

सहाणवाली आजी (मिरज)

अहो, एवढं सविस्तर! लेकीला मोठ्यानं वाचून दाखवत होते, पण दिव्याच्या प्रसंगापाशी थांबले. बाळाला मांडीवर घेऊन ते वाचवेना. दुपारी एकटीनं पूर्ण केलं.

त्या ४४ जणांचं पुढे काही? म्हणजे तिथे कोणाला आठवण आहे का?

टनेलमधली (झानदाम, नेदरलँड्स)

मी इथे नऊ वर्षं आहे. रोज सकाळी ॲम्स्टरडॅमला कामावर जाताना कालव्याखालून जो बोगदा लागतो त्याचं नाव कून टनेल. अर्धा-अर्धा तास त्यात अडकते. मला वाटायचं कोणी इंजिनीअर असेल. आज बॉयलरसूट काकांचं वाचून शेजारच्या टेबलावरच्या डच सहकाऱ्याला विचारलं, कून कोण रे? तो म्हणाला, कून? ट्रॅफिक.

मग त्यानंच शोधलं आणि जरा ओशाळला. इथून उत्तरेला हूर्न नावाचं छान गाव आहे, कूनचं जन्मगाव. भर चौकात त्याचा १८९३ सालचा पुतळा. आम्ही पाहुणे आले की त्यांना तिथे चीज खायला नेतो, त्या पुतळ्याखाली माझे आईबाबांबरोबर फोटो आहेत! २०११ मध्ये एका क्रेनचा धक्का लागून तो खाली पडला. पुन्हा बसवावा की नाही यावर गावात बरीच वादावादी झाली. शेवटी २०१२ मध्ये बसवला, पण खालची पाटी बदलून. आता त्यावर त्याच्या हिंसेचाही उल्लेख आहे. मी फोटो झूम करून पाहिला. पाटी आमच्या बाबांच्या डोक्यामागे झाकली गेलीय.

अवांतर: इथले लोक फ्लॉवरच्या भाजीवर जायफळ किसून घालतात. पहिल्यांदा सासूबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, भाजीला श्रीखंडाचा वास येतोय. आणि श्रीखंड मी इथल्या क्वार्कचं करते, चक्का बांधायची कटकट नाही. त्यात जायफळ.

वाडीवाला (वेंगुर्ला)

बॉयलरसूट, बांदा शब्द वाचून मीच पहिला फसलो. माझी मावशी बांद्याला असते.

माझी माडा-पोफळीची वाडी आहे, त्यात सावलीला जायफळाची झाडं. इतिहास मला येत नाही, झाड येतं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांपासून रोप केलं तर सहा-सात वर्षं खतपाणी घालायचं, आणि मग कळायचं की हा बुवा निघाला. वडिलांनी बारा लावली होती, सात नर. दहा माद्यांना एक नर पुरतो, बाकीच्या सहांचं काय लोणचं घालायचं? पुढे कलमं मिळायला लागली तेव्हा हा जुगार संपला. तेव्हा डचांनी रनवरची झाडं तोडली म्हणजे काय केलं, ते ज्यानं लावलंय त्यालाच कळेल. कापायला एक सकाळ पुरते. पुन्हा हाताला फळ लागायला पोरगं शाळेत जाऊ लागतं.

दोन, सगळीकडे लिहिलेलं असतं की डच जायफळं चुन्याच्या पाण्यात बुडवून विकायचे, कोणी बी पेरू नये म्हणून. बुडवत असतील. पण वाळलेलं जायफळ तसंही रुजत नाही! फळ तडकलं की आतलं बी ओलं असतानाच मातीत जायला हवं. आठ-दहा दिवस उशीर झाला की आतला गर कवचापासून सुटतो आणि हलवलं की खुळखुळतं. आमचे वडील कानाशी धरून बघायचे आणि म्हणायचे, "वाजता तां रुजाचा नाय." सहा-आठ महिने गलबतातून गेलेलं जायफळ युरोपात कोण पेरणार? माझ्या मते चुना किडीसाठी. आम्हीही साठवताना किडीलाच भितो. बेटावरून झाड चोरायचं तर ओलं बी नाहीतर जिवंत रोपच न्यायला हवं, आणि ते होडीत लपवायला कठीण. त्यांचा मक्ता एवढी वर्षं टिकला त्यात बंदुकीइतकाच या खुळखुळण्याचा हात असणार.

आणि डच आमच्याकडेही होते. वेंगुर्ल्यात डच वखार आहे, १६३७ ची, हीच कंपनी. आदिलशाहीकडून परवानगी काढून बांधली. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करायला जी डच जहाजं यायची, त्यांना दाणापाणी इथून मिळे. आता पडक्या भिंती आणि त्यांतून वाढलेली झाडं. शाळेत असताना आम्ही तिथे लपाछपी खेळायचो, कोणाची वखार हे विचारायचं सुचलं नाही. आजी, तुमच्यासारखंच.

जाता जाता, दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेला पाणथळीत रानजायफळांची राई आहे. ती जात वेगळी, गुटीत घालू नका. आणि बाजारात जायपत्री म्हणून रामपत्री गळ्यात मारतात, ती याच खानदानातली, पण वास नाही. चिमटीत चुरडून नाकाशी धरा, मग पैसे द्या.

बॉयलरसूट (रत्नागिरी)

वाडीवाले, चुन्याचं पटलं. मी ती गोष्ट चार जणांना सांगितलीय, आता त्यांना फोन करावे लागतील. मक्ता फुटला तोही तुम्ही म्हणता तसाच. १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसानं रोपं नि ताजी बियाणी चोरून मॉरिशसला आणवली. नंतर नेपोलियनच्या लढायांच्या काळात इंग्रजांनीच बांदा बेटं घेतली आणि परत देण्याआधी रोपं पेनांगला, श्रीलंकेला पोचवली. तिकडून पुढे कॅरिबियनमधल्या ग्रेनेडाला, १८४३ मध्ये. ग्रेनेडाच्या झेंड्यावर आज जायफळ आहे. बांद्याच्या नावावर मात्र काही नाही.

तुम्ही वेंगुर्ल्याचा विषय काढलात म्हणून आणखी एक. १६६४ चा जानेवारी म्हणजे शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी. तेव्हा डच आणि इंग्रज दोघेही आपापल्या वखारीची दारं लावून बसले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिकडे न्यू ॲम्स्टरडॅम पडलं. ब्रेडाच्या तहानंतरच्या वर्षी, १६६८ मध्ये, इंग्लंडच्या राजानं लग्नात आंदण मिळालेली मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्यानं इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला दिली. आणि १६७३ मध्ये डचांनी न्यू यॉर्क परत घेतलं म्हणालो ना, त्याच लढाईत, त्याच वर्षी फेब्रुवारीत, डच आरमार मुंबईसमोर येऊन उभं राहिलं होतं. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर ऑन्जिए, त्यानं किल्ल्यावर तोफा चढवून ठेवल्या होत्या, ते न लढताच निघून गेलं. वारं जरा वेगळं वाहतं तर आम्हा कोकण्यांना चाकरी डचांची करावी लागली असती, आणि ताई, तुमच्या शाळेतल्या धड्यात प्लासीआधी एक पान वाढलं असतं.

आजी, आठवणीचं विचारलंत. नेइरावर परिगी रांते म्हणून स्मारक आहे, म्हणजे साखळीची विहीर. तिथे त्या मानकऱ्यांची नावं लावलेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर विसाव्या शतकात डचांनी इथे हद्दपार केलेल्या स्वातंत्र्यवीरांचीही. हात्ता आणि शाहरीर १९३६ पासून सहा वर्षं इथेच होते. आपलं मंडाले समजा. गावातल्या संग्रहालयात १६२१ च्या त्या सकाळचं मोठं चित्र आहे. बायको त्यासमोर दोन मिनिटं उभी राहिली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

आणखी एक जे मला तिथे गेल्यावर कळलं. जे थोडे लोक होड्यांतून निसटले, त्यांतले काही पूर्वेला केई बेटांवर पोचले. तिथे बांदा एली आणि बांदा एलात नावाची दोन गावं आहेत, आणि बांद्याची मूळ भाषा आज फक्त तिथे बोलतात. खुद्द बांद्यात आज ती कोणी बोलत नाही, कारण आजचे रहिवासी बहुतेक त्या आणलेल्या माणसांचे आणि नंतर आलेल्यांचे वंशज.

सहाणवाली आजी (मिरज)

भाच्याला सगळं पाठवलं. आधी नुसता अंगठा आला. रात्री फोन आला, अर्धा तास बोलला. वाडीवाल्यांचं खुळखुळणं त्याला फार आवडलं. मीही डब्यातली जायफळं कानाशी धरून हलवली, लेक म्हणाली आईला काहीतरी झालंय.

त्यानं विचारलंय, रनवर आता काय आहे? समोरच्या खिडकीत काय आहे ते त्याला माहीत आहे.

बॉयलरसूट (रत्नागिरी)

नेइराहून लाकडी होडीनं गेलो, दोनेक तास, पूर्ण भिजलो. रनला धक्का असा नव्हता, गुडघाभर पाण्यात उतरलो. मोटारगाडी एकही नाही. किनाऱ्यापासून वर पायऱ्या जातात, दोन्ही बाजूंना घरं, पत्र्याची छपरं, एक मशीद. प्रत्येक घरासमोर चटईवर जायफळं वाळत घातलेली, शेजारी वेगळ्या सुपात जायपत्री. झाडं पुन्हा लावलेली आहेत, उंच बदामाच्या सावलीत. मोठाली कबुतरं ती फळं गिळतात आणि बी दुसरीकडे टाकतात, म्हणजे तोडणाऱ्यांना पुरून उरायची सोय निसर्गानं केलीच होती.

एका म्हातारीनं आम्हाला जायफळाच्या सालीचा साखरेत मुरवलेला तुकडा दिला आणि कुठून आलात विचारलं. इंडिया म्हटल्यावर हसली, शाहरुख खान म्हणाली. मॅनहॅटनचं आम्ही काढलं नाही. बायकोनं तिच्याकडून अर्धा किलो जायफळं घेतली, घासाघीस न करता, जे तिनं रत्नागिरीच्या बाजारात आजवर केलेलं नाही. वाटून वाटून आता चारपाच उरलीत.

तुमचं वाचून आत्ता डबा काढून बघितला. सगळी खुळखुळतात.